आवाजचोर आणि सातवीच्या बाई

दिवसा मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फरसाणाच्या पाकिटांची डिझाइनं करतो आणि उरलेल्या वेळात जग वाचवतो. म्हणजे सुपरहिरोंची कॉमिक्स काढतो. माझ्या मालिकेतला खलनायक आवाजचोर आहे. तो ज्याला हात लावेल त्याची वाचा जाते. मारामारी फार नसते; आवाज गेलेल्या एखाद्या साध्या माणसाचं पुढे काय होतं, ते प्रत्येक अंकात येतं. हिरो अगदी शेवटच्या पानांवर उगवतो. त्याचा चेहरा मी माझ्यावरून घेतलाय, पोट सोडून. हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आधीच्या अंकांत गोराईची मासेवाली झाली, भजनीबुवा झाले. मग शाळेतली बाई घेतली, कारण घरातच एक होती. माझी बायको बोरिवलीच्या शाळेत सातवीला गणित शिकवते. अंक निम्मा झाला आणि तिचा खरोखरच आवाज बसला. हळदीचं दूध झालं, गुळण्या झाल्या. शेवटी तोंडातून नुसती हवा यायला लागली, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो.

"स्वरयंत्रावर गाठी आल्यात," ते तिला म्हणाले. "पूर्ण गप्प बसायचं. कुजबुजसुद्धा नको."

"किती दिवस?" मी विचारलं.

"मी सांगेपर्यंत."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी चेहरा गंभीर ठेवला होता, पण मनात म्हणत होतो, झकास, मॉडेल घरीच मिळालं! एवढा मी संवेदनशील कलावंत.

माझ्या अंकातली बाई खिडकीत बसून रडायची. पानंच्या पानं, वेगवेगळ्या कोनांतून. मला ती पानं भारी वाटायची. खरी बाई मात्र खिडकीत बसेना. मला बोलवायचं तर ती ताटावर डाव आपटायची. भाजीवाल्याशी तिने बोटांवर घासाघीस केली आणि वर कोथिंबीर फुकट आणली.

"जरा उदास होऊन बस ना," मी स्केचबुक घेऊन म्हटलं. "पाचच मिनिटं."

तिने मोबाइलवर टाइप करून स्क्रीन माझ्यासमोर धरली. 'कुकर लाव.'

मग एका दुपारी तिने खुणेनेच पानं मागितली आणि सवयीने लाल पेन उघडलं. खिडकीतल्या बाईशेजारी लिहिलं, 'हिला घरात काही काम नाही का?' शेवटच्या पानावर हिरोभोवती गोल करून लिहिलं, 'हा कोण?'

"ओळख ना," मी म्हटलं.

तिने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ती हसायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे गदगदत होते. डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसत बसलो. थोड्या वेळाने लक्षात आलं, की ती आता हसत नाहीये.

तिने टाइप केलं, 'वर्गावर नवी बाई आलीय. मुलांना तीच आवडली तर?'

आवाज गेलेल्या माणसांच्या दुःखावर अंकामागून अंक काढणाऱ्या मला एकच वाक्य सुचलं. "चहा टाकू?"

तिने मान डोलावली. मी चहा टाकला. साखर विसरलो, पण ती प्यायली.

खिडकीची सगळी पानं मी काढून टाकली. त्यांच्या जागी एकच चित्र आलं: वर्गाच्या बंद दाराबाहेर बाई उभ्या आहेत, आत कुणीतरी शिकवतंय आणि मुलं खळखळून हसताहेत.

बायकोचा आवाज हळूहळू परतला, थोडा खरखरीत. ती आता कॉलरला माइक लावून शिकवते. मुलांनी नव्या बाईंना निरोपाचं कार्ड दिलं, हे तिने मला दोनदा सांगितलं.

अंक घेऊन आम्ही अंधेरीच्या एका प्रदर्शनात स्टॉल लावला. एक बाई त्या वर्गाबाहेरच्या चित्रापाशी थांबल्या. बराच वेळ पान उलटेनात.

"तुम्ही शिक्षक आहात?" त्यांनी विचारलं.

विनयाने काय म्हणावं याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात बायको पुढे आली. "मी आहे."

"कुठल्या शाळेत? घशाला काय घेता हो तुम्ही?"

दोघी ज्येष्ठमधापासून वर्गातल्या खडूच्या धुळीपर्यंत पोचल्या. स्टॉलसमोर त्याच उभ्या, त्यामुळे दुसरं गिऱ्हाईक फिरकेना. मी मागच्या स्टुलावर दोघींच्या पर्सेस सांभाळत बसलो.