चिंपांझीच्या डोळ्यांची आखणी

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसणारच तुम्ही! हसा. सगळं अष्टमी गाव हसलं, मग तुम्हीच काय पाप केलंय? फक्त चहा आधी पिऊन घ्या, नंतर ठसका लागेल.

मी जोहे गावचा गणपतीवाला. आमच्या धंद्यात डोळे सगळ्यात शेवटी आखतात. नजर बसली तर देव, नाहीतर नुसती रंगवलेली माती. आणि माझ्या हातची नजर बसतेच! हा गर्व जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा मेहुणा दिनू रोह्याचा पूल ओलांडला की अष्टमीत राहतो. तिथल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष. उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको त्याच्याकडे गेलो होतो, तर त्यानं टीव्हीवर एक पिक्चर लावला. मला वाटलं, माकडांचा आहे, हसायला मिळेल.

कसलं हसायला! फौजेची प्रयोगशाळा आणि पिंजऱ्यात चिंपांझी. विमानात माणसाला किती धक्का सोसेल, ते आधी त्या मुक्या जिवावर बघायचं. डोक्यावर लोखंडी टोप, मनगटांना पट्टे, खुर्चीला जखडलेला. आणि ते येडं लेकरू, पट्टे आवळणाऱ्या साहेबापुढेच केळ्यासाठी हात पसरतंय! मी ढसाढसा रडलो हो.

बायको म्हणाली, "अवो, माझा बा गेला तवा पन तुमी येवढं रडला नाय!"

खरं होतं हो.

दिनू मात्र पेटला. "भावजी, यंदा आमचा देखावा ह्योच! तालुक्याच्या स्पर्धेत आपला नंबर नक्की!"

मंडळातल्या लोकांना दरसालची गुहा हवी होती. दिनू सगळ्यांशी भांडला आणि भर बैठकीत बोलून बसला, "नंबर नाय आला तर अध्यक्षपद सोडीन." घरी येऊन त्याचा चेहरा उतरला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "घाबरतोस काय? माझा चिंपांझी बघून मानूस रडला नाय, तर ब्रश खाली ठेवीन!"

काय गरज होती हो मला?

चिंपांझी कागदाच्या लगद्याचा केला. अंग झालं, केस झाले. टोपाला नुसता करडा रंग भकास दिसायला लागला. सोनेरी रंगाची वाटी उघडीच होती, म्हटलं कडेनं एक बारीक रेघ ओढू. मग पट्ट्यांच्या बकलांनाही थोडा लावला. खुर्चीची पाठ सरळसोट वाटत होती, ती गोल केली. केळ्यासाठी पसरलेला हात लांबून दिसेना, म्हणून जरासा वर उचलला.

आणि मग डोळे. सीझनची घाई, कारखान्यात गणपतींची रांग. एकेकाचे डोळे आखत आखत पुढं सरकत होतो, ह्याच्यापाशी आलो, आणि त्याच हातानं त्याच दमात ह्याचेही आखून टाकले.

बायको समोर उभी राहून बघत राहिली. "अवो, ह्यो रडत नाय. ह्यो आशीर्वाद देतोय."

"तुला कलेतलं काय कळतंय गो? करुणा आहे ती!"

टेम्पोत चढवताना मी त्याच्या तोंडावर रुमाल बांधला. का? अहो, आयुष्यभर मूर्ती कारखान्यातून बाहेर काढताना तोंड झाकत आलोय, हात आपोआप गेला! वाटेत गडब गावात चहाला थांबलो, तर दुकानातल्या लोकांनी हात जोडले. कुणीतरी ओरडलं, "गणपतीबाप्पा!"

"मोरया!" कोण म्हणालं असेल? मीच.

अष्टमीत टेम्पो पोचला तेव्हा बायका आरतीचं ताट घेऊन तयार. मंडळाचा खरा गणपती आदल्याच दिवशी मांडवात नेऊन ठेवला होता, पण ऐकतंय कोण! रुमाल सोडला. मला वाटलं, आता रडतील. तेवढ्यात एक म्हातारी पुढं झाली, कानशिलांवर बोटं मोडली आणि म्हणाली, "कवढा शांत हाय गो बाय!"



देखावा सुरू झाला आणि लोक चपला बाहेर काढून यायला लागले. सोनेरी कडेचा टोप म्हणजे मुकुट. गोल पाठीची खुर्ची म्हणजे सिंहासन. पट्टे म्हणजे हातातली कडी. बाजूला फौजेचे दोन साहेब उभे केले होते, त्यांचे द्वारपाल झाले. खऱ्या गणपतीपुढं चार जास्वंदी आणि ह्याच्यापुढं केळ्यांचे घड! पिक्चरमध्ये बिचाऱ्याला एक केळं मिळायची मारामार होती. खोटं कशाला बोलू, ते घड बघून मला जरा बरंही वाटलं.

दिनूनं लाऊडस्पीकरचा आवाज वाढवला, "या मुक्या जिवाला खुर्चीला जखडून त्याचे हाल केले गेले..." त्यावर एक आजोबा हात जोडून शेजारच्याला म्हणाले, "बघ, देवानं पन काय काय सोसलंय!"

"भावजी," दिनू माझ्या कानाशी रडकुंडीला येऊन म्हणाला, "एक तरी मानूस रडतोय काय बघा!"

एकही नव्हता. सगळे प्रसन्न होऊन घरी जात होते.

परीक्षक आले. त्यातल्या बाईंनी चपला काढल्या, तेव्हाच मी ओळखलं की देखाव्याचा नंबर गेला. तसंच झालं. निकालाला पहिला, दुसरा, तिसरा, सगळे दुसऱ्या मंडळांचे. दिनू खाली मान घालून बसला. बहिणीच्या नवऱ्यावर भरवसा ठेवून त्याचं अध्यक्षपद चाललं होतं, आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

एवढ्यात माईकवरून आवाज आला, "आणि सर्वांत प्रसन्न मूर्तीचं विशेष बक्षीस, अष्टमीच्या चिंपांझीला!"

मांडव नुसता दणाणला! दिनूला लोकांनी खांद्यावर घेतलं. अध्यक्षपद वाचलं. आणि मी? हे बक्षीस माझ्या एखाद्या गणपतीला मिळावं म्हणून मी इतकी वर्षं झुरत होतो हो! माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. म्हणजे शब्द खरा झाला. त्या चिंपांझीपायी एक माणूस तरी रडला.

मग सत्कार. मला स्टेजवर खुर्चीत बसवलं. डोक्यावर सोनेरी काठाचा फेटा कोंबला, शाल अशी करकचून गुंडाळली की हात हलवता येईना. कुणीतरी प्रसादाचं केळं पुढं केलं आणि मी शालीतून कसाबसा हात बाहेर काढून पसरला.

समोर फोटोवाला. त्याच्या बाजूला उभी राहून माझी बायको ओरडली,

"अवो, डोळे जरा त्या चिंपांझीवानी ठेवा की! बाकी सगलं जमलंय!"