शनिवारचं तेल

निवृत्तीनंतर दोन महिने मी घरात स्वस्थ बसले. मग देवस्थान समितीच्या आबांचा निरोप आला, "बाई, आपल्या पर्यटनाचं तुम्ही बघा." चाळीसगावहून तासाभरावर आमचं गाव. काळ्या दगडाचं जुनं देऊळ, आणि रस्ता झाल्यापासून दर रविवारी दारात गाड्या. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली, अक्षर वळणदार. आबांच्या मते पर्यटनाचं बघणं म्हणजे पाट्या रंगवणं.

मी जोमाने रंगवल्या. 'शिल्पांस स्पर्श करू नये.' 'येथे तेल अर्पण करू नये.' पाट्या इतक्या सुरेख झाल्या की लोक त्यांना टेकून फोटो काढू लागले.

खरी अडचण दक्षिणेच्या भिंतीवर होती. तिथे एक सुरसुंदरी आहे, म्हणजे देवळाच्या बाहेरच्या अंगाला कोरलेली नटलेली बाई. गावातल्या बायका तिला देवी मानून दर शनिवारी तेल घालत. तेल, शेंदूर आणि धूळ यांचं असं पुट चढलं होतं, की नाकडोळे सोडा, बाई कुठे बघतेय तेही कळेना. त्यांचं बघून बाहेरगावचे लोकही बाटल्या आणू लागले. खालच्या फरशीवर दोघे घसरून आपटले.

तेल घालणाऱ्यांच्या पुढारी होत्या अक्का. सत्तरीच्या, देवळाच्या दारात फुलं विकणाऱ्या. ही देवी नाही, नाचणारी सुरसुंदरी आहे, असं म्हणत मी त्यांना शिल्पकला समजावून सांगितली. पाऊण तास. त्या हार ओवत शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "नाचनारी ऱ्हावो नईतर बसनारी, आमनी माय शे ती."

मी आबांकडे गेले. "तुम्ही अक्कांना सांगा."

"मी?" आबा दचकले. "बाई, पर्यटन तुमच्याकडे आहे ना!"

शेवटी जुन्या दगडांचं काम जाणणारे एक गृहस्थ बोलावले. दगडाला इजा न करता पुट कसं उतरवायचं ते त्यांनी दाखवलं, आणि मी मऊ ब्रश घेऊन त्यांच्या हाताखाली बसले. थोड्या वेळाने अक्का आल्याच.

"बाई, काय करी ऱ्हायनी तू?"

सुरसुंदरी, संवर्धन, वारसा असे सगळे शब्द माझ्या तोंडाशी आले. पण पाय अवघडले होते, ऊन लागत होतं. मी एवढंच म्हणाले, "तिचं तोंड धुतेय, अक्का."

त्या खाली बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मनी मायनी दोन लेकरं गयात. मग तिनी आठे तेल टाकं, तवय मी जलमनू."

दोन मुलं गेल्यावर आईने इथे तेल घातलं, तेव्हा कुठे अक्का जन्मल्या; माझ्या पाऊण तासाच्या व्याख्यानात हे कुठेच नव्हतं. मी ब्रश खाली ठेवला. लाजच वाटली. इतक्या दिवसांत मी अक्कांना एकदाही विचारलं नव्हतं, की तुम्ही तेल का घालता.

"काबर थांबनी?" अक्का म्हणाल्या. "तोंड तरी दिखू दे मायनं."

तिसऱ्या दिवशी तोंड दिसलं. नाकाचं टोक झिजलेलं, ओठ मात्र शाबूत. आणि खांद्यावरचा जो गोळा आम्ही सगळे शेंदराचा समजत होतो, त्यातून चोच निघाली, मग पंख. अक्कांनी हातातला हार मांडीवर टाकला.

"ओ माय! पोपट शे!"

आयुष्यभर त्यांनी त्या पोपटाला तेल घातलं होतं.

पुढच्या शनिवारी मी धसका घेऊनच गेले. अक्कांनी नाल्यातला एक गोल दगड आणवून देवळाच्या अंगणातल्या लिंबाखाली मांडला होता आणि स्वतःचं तेल सगळ्यांत आधी त्यावर घातलं होतं. ते घालताना त्यांना काय वाटलं असेल, ते मी विचारलं नाही. बायका आल्या की त्या दटावत, "तेल आठे टाका. तठे नई. पोपटना पख चिकटतस!"

एकीनेही वाद घातला नाही. माझी सगळी व्याख्यानं एका पोपटाने खाऊन टाकली. मला थोडा रागही आला, खरं सांगते.

गेल्या महिन्यात पिंपळनेरहून एका शाळेची सहल आली होती. मी मुलांना घेऊन दक्षिणेच्या भिंतीशी पोचेपर्यंत अक्का तिथे हजर. हा पोपट रोज पहाटे उडून केळीच्या बागेत जातो, असं त्या रंगवून सांगत होत्या. त्यातलं एक अक्षरही माझ्या माहितीच्या वहीत नाही. एका मुलीने माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, खरंच?"

अक्काही माझ्याकडे बघत होत्या.

"मी कधी पहाटे आले नाही गं," मी म्हणाले.