भगवानभाऊंची बोट आणि साठ किलोची बॅटरी

जुन्या बॅटऱ्या भंगारवाला नेतो. त्यांच्यापायी घडलेले किस्से मात्र कुणी उचलत नाही, म्हणून ते आमच्या हर्सूलच्या बॅटरी-इन्व्हर्टरच्या दुकानात साचत जातात. आमचे मालक, म्हणजे नवरा, वायरिंग करतात, गिऱ्हाईक मी सांभाळते. शिक्षण चौथी, पण वॅट तोंडपाठ! यंदाचे निम्मे किस्से एकट्या भगवानभाऊंचे.

भाऊ जायकवाडीच्या पाण्यावर पाहुण्यांना बोटीतून पक्षी दाखवतात. त्यांच्या मनात आलं, बोटीत पंखा, बल्ब अन् ज्यूसचा मिक्सर लावायचा. बायकोनं, सिंधूबाईनं, तंबी दिली, "पाण्यात एकदा जरी बंद पडलं, तर बोट इकायची अन् म्हैस घ्यायची!"

*

पहिल्यांदा आले ते ट्रॅक्टरची जुनी बॅटरी खांद्यावर घेऊन. "ताई, हिच्यावर बसवा इन्व्हर्टर."

"भाऊ, ही एका झटक्यात इंजिन उठवती. दिवसभर मिक्सर ओढायचा दम तिच्यात नाय."

"मंग दोन झटके देऊ की!"

*

आमच्याकडं रिवाज असा, की जे चालवायचं ते दुकानात आणायचं, सगळं एकदम लावायचं, मगच इन्व्हर्टर ठरवायचा. भाऊंनी पंखा, बल्ब, मिक्सर आणून लावले. छान चाललं.

मी म्हटलं, "रिकामा मिक्सर कुणाचाबी फिरतो. भरून फिरवा!"

दुसऱ्या दिवशी भाऊ पोतंभर मोसंबी घेऊन हजर! लहान इन्व्हर्टर पहिल्याच भांड्याला कोकलला, मोठा पास झाला. त्या दिवशी आमच्या गल्लीत चहा कुणीच घेतला नाही.

*

मग बॅटरी. मी लिथियमची दाखवली, हलकी असते म्हणून. भाऊंनी एका हातानं उचलली अन् तोंड वाकडं केलं. "हलक्यात काय दम असणार?" घेतली साठ किलोची!

बसवायला आम्ही दोघं गेलो. बॅटरी एका कडेला ठेवली, बोट तिकडं कलली. "दुसरीकडं तेवढंच वजन पाहिजे," मालक म्हणाले अन् माझ्याकडं बघायला लागले.

"बघता काय?"

"काही नाही, अंदाज घेत होतो."

शेवटी बॅटरी मधोमध बांधली. मालकांशी मी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

*

दोन महिन्यांनी फोन. बॅटरी लवकर उतरायला लागली होती. विचारलं तर भाऊंनी तिच्यात डिस्टिल्ड पाण्याऐवजी धरणाचंच पाणी ओतलेलं! "चारी बाजूला एवढं पाणी असताना बाटलीतलं इकत कशाला आणू, ताई?"

मी लई झापलं. थांबले, तर पलीकडून सिंधूबाईंचा आवाज, "अजून बोला ताई, मी स्पीकरवर टाकलंय!"

मालकांनी जाऊन बॅटरी कशीबशी वाचवली. तोवर सिंधूबाईंनी म्हैस बघून ठेवली होती.

*

सिंधूबाई म्हणाल्या, रविवारी मी स्वतः बोटीत बसून बघते, मग काय ते ठरवते. भाऊंची झोप उडाली. आमच्याही दुकानाच्या नावाचा प्रश्न, म्हणून मी पण गेले.

गावात सकाळपासून लाईट नव्हती. काठावर पाहुणे कॅमेरे घेऊन उभे. भाऊही त्यांच्यातच उभे, तोंड पाडून. बोट तशीच खुंट्याला बांधलेली.

"बंद पडलं का हो भाऊ?"

"तुम्हीच जाऊन बघा, ताई."

गेले. आत पंखा गरगर फिरत होता. फळीवर गावचे आठ-दहा मोबाईल चार्जिंगला. शेजारच्या चार बाया खोबऱ्याचे, शेंगदाण्याचे डबे घेऊन ओळीत बसलेल्या, अन् मिक्सरवर हात ठेवून सिंधूबाई!

"सिंधूबाई, म्हशीचं काय ठरलं?"

त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "यांना म्हणावं, पाहुण्यांना थांबवा जरा. अजून दोन घरचं वाटण राहिलंय!"