टेकडीवर दाखवलेली मुलगी

आमच्या क्वार्टरांमागच्या टेकडीला आता ‘व्ह्यू पॉइंट’ म्हणतात. वर लोखंडी कठडा बसवलाय, सिमेंटची दोन बाकं टाकलीत आणि निसर्ग जपा अशी पाटी लावलीय. पाटीच्या खाली वेफर्सची रिकामी पाकिटं. आमच्या वेळी तिथे काळे दगड होते आणि बकऱ्या होत्या. बकऱ्या तरी पाट्या लावत नव्हत्या.

रस्ता मात्र तोच आहे. नाल्याच्या कडेनं निघायचं, मोहाची झाडं मागे टाकायची, देवीच्या मढियावरून, म्हणजे छोट्या देवळावरून, हळूहळू वर जायचं, माथ्यावर जरा टेकायचं आणि पलीकडून तळ्याच्या अंगानं उतरून पुन्हा क्वार्टरच्या फाटकाशी यायचं. गोल फेरी, तासाभराची. चढ म्हणाल तर नावालाच. शेजारणीची सासू दुखऱ्या गुडघ्यांनिशी रोज जाऊन यायची. पण आमची आत्या त्याला ‘चढाई’ म्हणे. आत्या जबलपूर शहरात, राइट टाउनात राहणारी. कोपऱ्यावरच्या दुकानातून जिरं आणायचं तरी रिक्षा बोलवायची. तिला ते गिर्यारोहण वाटत असेल तर वाटो.

मला त्या टेकडीवर दाखवायची अक्कल ह्याच आत्याची.

लढाईचे दिवस होते. घराघरांत खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, दिव्याला कागदाची टोपी. बाबा कारखान्यात, त्यांना रोज ओव्हरटाइम आणि रविवारीसुद्धा अर्धा दिवस हजेरी. मी बी.ए. होऊन घरी बसलेली. दोन ठिकाणांहून नकार आले होते. पहिल्यांनी कळवलं, मुलगी सावळी आहे. दुसरे जास्त शिकलेले होते, त्यांनी तेच पानभर लिहून कळवलं. आत्यानं दोन्ही नकारांचा अभ्यास केला आणि दोष काळ्या कागदांना दिला. म्हणाली, “ह्या अंधाऱ्या खोलीत गोरी पोरगीही काळीच दिसन. तिला उन्हात दाखवा.” संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कोणीही उजळ दिसतं, शिवाय मुलगी धाप न लागता चढते हे पाहुण्यांना आपोआप कळतं, हा तिचा हिशेब. आईला तो पटला. बाबांना कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ते बोलले नसते.

बाबांबद्दल हे आधीच सांगितलं पाहिजे. ते कारखान्यात काय करतात हे आमच्या घरात कोणालाही माहीत नव्हतं. नोकरीला लागताना त्यांनी कसल्यातरी कागदावर सही केली होती आणि ती सही त्यांच्या जिभेवरच झाली होती जणू. कोणी विचारलं, काय काम करता, तर म्हणायचे, “काम करतो.” बोटं कायम पिवळी, साबणानं न जाणारी, आईनं विचारलं की म्हणायचे, “डाग आहेत.” गंमत अशी की चौकातला पानवाला तुम्हाला कुठल्या शेडमध्ये कुठला तोफगोळा भरतात ते विडा बांधता बांधता सांगत असे. सगळ्या जबलपूरला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त त्या कारखान्याच्या पगारावर जेवणाऱ्या आमच्यासारख्या घरांना.

आणि आम्ही पोरंही तशीच तयार झालेली. परक्या माणसानं विचारलं की कारखाना कुठे, तर म्हणायचं, माहीत नाही. दहा-अकरा वर्षांची असताना एका माणसानं मला फाटकाशी रस्ता विचारला, तर मी त्याला उलट महाराजपूरकडे पिटाळलं. तो बाबांच्याच सेक्शनमध्ये बदलून आलेला निघाला. भर उन्हात तीन मैल पायपीट करून कामावर पोचला. आता मार बसणार म्हणून मी पलंगाखाली दडले. बाबांनी मला बाहेर काढलं, पाठीवर हात ठेवला आणि जेवायला बसले. त्याआधी त्यांनी माझं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. म्हणजे बघा, कौतुक कशाचं, तर एका घामाघूम माणसाला चुकीच्या दिशेला पाठवल्याचं.

तर तो रविवार. मुलगा नागपूरचा, बँकेत नोकरीला. त्यांचे कोणी नातेवाईक शहपुऱ्यात होते, तिथे मुक्काम करून तो आणि त्याचे वडील आले. वडील निवृत्त हेडमास्तर आणि बोलण्यावरून अजून निवृत्त न झालेले. आत्यानं मला तिच्या मुलीची साडी नेसवली आणि तिच्याच मुलीच्या चपला घातल्या. चपला एक नंबर लहान. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, तासाभराचा प्रश्न आहे, पोरी, आयुष्य सुखात जाईल. ह्या वेळी जमलं नाही तर पुढे बिजवरच येतील, हेही तिनं वेणी घालता घालता ऐकवलं. कांदा चिरायच्या आधीच आईचे डोळे भरले होते.

निघालो. पुढे आत्या आणि हेडमास्तर, मध्ये आम्ही दोघं, मागे बाबा. हेडमास्तर मोहाच्या झाडावर बोलले, काळ्या दगडांवर बोलले, नर्मदेवर बोलले, जी तिथून दिसतही नाही. आत्या प्रत्येक वाक्यानंतर “अच्छा!” म्हणत होती, आणि दर वीस पावलांनी वळून मला धाप तर लागत नाही ना, हे बघत होती. धाप तिला लागली होती.

मुलानं मला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, गाणं येतं का, काहीसुद्धा विचारलं नाही. मढियापाशी हळूच म्हणाला, “चप्पल चावते ना?” मी हो म्हटलं. त्यावर तो नुसता हळू चालायला लागला, इतका हळू की हेडमास्तर दोनदा मागे वळून ओरडले. मग म्हणाला की त्याच्याही अंगातला कोट भावाचा आहे. मला हसू आलं. दाखवायच्या कार्यक्रमात मी तोवर कधी हसले नव्हते. काय सांगू, मला तो आवडला. स्पष्टच सांगते, वर पोचेपर्यंत माझं मन ठरलं होतं, आणि पाय सोललेले असूनही ती टेकडी आणखी थोडी उंच हवी होती असं वाटलं.

माथ्यावर एक भला मोठा दगड आहे. त्याच्या अलीकडे उभं राहिलं की तळं दिसतं, पलीकडची शेतं दिसतात. कारखाना दिसायला दगडाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जावं लागतं. आम्ही तळ्याच्या बाजूला होतो. ऊन अगदी आत्यानं मागवून घेतल्यासारखं पडलं होतं. मुलानं खांद्याच्या पिशवीतून कॅमेरा काढला, तोही बहुधा भावाचा, आणि मला म्हणाला, जरा तिथे उभ्या राहता का. मी उभी राहिले. माझ्यामागे तळं होतं. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि बाबा आले. वर्षानुवर्षं मागे मागे चालणारा माणूस एकदम पुढे आला आणि त्यांनी त्या कॅमेऱ्याच्या तोंडावर आपला पिवळा तळहात ठेवला.

मुलगा चक्रावला. “काका, मी काही कारखान्याचा नाही, ह्यांचा फोटो काढून राहिलो,” तो म्हणाला.

“कोणाचाही असू द्या,” बाबा म्हणाले. “इथून फोटो निघणार नाही.”

हेडमास्तर तापले. मुलीचा बाप मुलाच्या हातातल्या वस्तूला हात घालतो, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, इथे तळं आहे, शेतं आहेत, कारखाना आहे तरी कुठे? बाबांचा हात कॅमेऱ्यावरच. हेडमास्तरांनी आत्याला विचारलं. आत्या, जिच्या तोंडाला एरवी कुलूप नसतं, ती पदराच्या टोकाशी खेळत राहिली. हे एक तिलाही शिकवलेलं होतं, तिचा नवरा सरकारी खात्यातला. मग हेडमास्तर माझ्याकडे वळले आणि वर्गात विचारावं तसं म्हणाले, “तू सांग. कारखाना कुठल्या बाजूला आहे?”

एवढंच सांगायचं होतं: दगडाच्या पलीकडे. तुमच्या पाठीमागे. कॅमेरा तर उलट दिशेला आहे. बाबांनाही ते पटलं असतं, त्यांनी हात काढला असता, सगळे हसले असते. मुलगा माझ्याकडे बघत होता, मी बोलावं म्हणून. मला ते दिसत होतं. मी बाबांकडे बघितलं आणि म्हटलं, “माहीत नाही.”

गोल फेरीचा एक मोठा तोटा असतो. भांडण अर्ध्या वाटेवर झालं तरी उरलेली अर्धी सगळ्यांनी सोबतच चालावी लागते. तळ्याच्या अंगानं आम्ही उतरलो. कोणी मोहावर बोललं नाही, नर्मदेवर बोललं नाही. ऊन अजून तसंच सुंदर होतं, त्याला काय जातंय. मी मध्येच चपला काढून हातात घेतल्या. मुलगा ह्या वेळी पुढे, वडिलांच्या बरोबरीनं. घरी येऊन त्यांनी पोहे खाल्ले, कारण पोहे केलेले होते, आणि शहपुऱ्याची बस गाठायला निघून गेले.

आठवड्यानं निरोप आला. घराणं चांगलं, रंगाबद्दल तक्रार नाही, पण मुलगी जरा मंद वाटते. बाप कामाला जातो ती जागासुद्धा तिला ठाऊक नाही. घ्या. आत्याचं ऊन कामी आलं होतं. तिनं हे नंतर सगळ्यांना अभिमानानं सांगितलं, की बघा, रंगावर ह्या वेळी काही बोलले नाहीत.

पण मला लागलं ते हे नाही. पाहुणे गेल्यावर त्याच संध्याकाळी मी मोरीत पाय धूत बसले होते. बाबा आले. लहानपणी ठेवला होता तसा त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “बरोबर बोललीस.” मला तो हात झटकून टाकावासा वाटला. इतका राग मला आयुष्यात दुसऱ्या कोणाचा आला नाही, आणि तो त्यांचा किती आणि माझा किती, हे मी कधी वेगळं करू शकले नाही. मी म्हटलं, “चलो, जेवून घ्या.” त्यांनी जेवून घेतलं.

पुढे माझं लग्न झालं. त्याच कारखान्यातल्या माणसाशी. त्यानंही कागदावर सही केलेली. आमच्या ताटांवर तीस वर्षं भाजीत मीठ आहे की नाही एवढीच चर्चा झाली. माणूस चांगला होता. गेला, तेव्हाही काही सांगून गेला नाही.

मागच्या हिवाळ्यात मी पुन्हा ती फेरी केली. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, नाहीतर मी कशाला जाते. माथ्यावर त्या दगडापाशी, तळ्याच्या बाजूला, एक तरुण जोडपं उभं होतं. मुलानं माझ्या हातात फोन दिला, म्हणाला, आंटीजी, एक फोटो. मुलगी पदर सावरत म्हणाली, “आंटी, पीछे फैक्टरी मत आने देना, गंदी लगती है।”

मी फोन वर धरला. चौकोनात ती दोघं होती, मागे तळं होतं आणि थोडं ऊन. ह्या बाजूनं काय काय येतं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

“फैक्टरी उधर है,” मी म्हटलं आणि हात लांब करून दाखवली. आयुष्यात पहिल्यांदा. मुलीनं तिकडे बघितलंही नाही. ती फोटोसाठी हसत होती.