शिंजिरीच्या दारातनं पालखी

...तर पूर्वी बाय, तू लिही गो, मी बोलते. हात दुखला तर सांग. आपल्या शेजारच्या दमयंतीचं सांगत होते ना, बंदरावर बांगडे विकायला बसते ती. आवाज असा, की गिऱ्हाईक भाव करायच्या आधीच गार!

कोकण रेल्वे नवी नवी धावायला लागली होती, त्या सालचा शिमगा. आदल्या वर्षी तिचा सासरा गेला. घरात सुतक, म्हणून देवीची पालखी तिच्या दारावरनं तशीच पुढं गेली. बाई आत बसून ढोल ऐकत रडली. त्यामुळं ह्या वर्षी तिला कोण घाई! शिमगा महिनाभर लांब, नि हिनं दारावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधूनसुद्धा टाकलं.

"अगो, लोक आदल्या दिवशी बांधतात," तिचा नवरा सदू म्हणाला.

"लोकांचं लोकांकडं. देवीला लांबनं दिसायला हवं, ह्या घरात यायचं हाय."

पानं वाळली, नि त्याच तोरणाला एका शिंजिरीनं घरटं टांगलं. अंगठ्याएवढी पिवळट पाखरीण! कोळ्याची जाळी, वाळका पाला, दमयंतीच्या गोधडीतला कापूस, सदूच्या जाळ्याचा हिरवा धागा, काय काय आणलंन. तोंडावर इवलंसं छप्परही काढलंन. नवरा तिचा निळाकाळा, चकचकीत, समोरच्या जास्वंदीवर नुसता मिरवत.

"कामाला तुझ्यावरच गेलाय," दमयंती सदूला म्हणाली.

बंदरावरनं आली की ती डोक्यावरची पाटी उतरायच्या आधी वर बघायची. चोच दिसली की मग चहा.

पण शिमगा आला तोंडावर. पालखी घरात यायची ती पुढल्या दारानंच, नि घरटं बरोबर मधोमध लोंबतंय. सदूनं काठी काढली. "उचलून जास्वंदीत ठेवतो."

"हात तर लाव! तुझं ताटच जास्वंदीत ठेवते. अंडी हायत आत. मामंजी गेल्यावर ह्या घरात पहिला जीव येतोय."

"मग पालखी परत दारावरनं जाऊ दे?"

दोन्ही हवं होतं तिला, नि दार एकच.

पालखी वाडीत आली त्या दुपारी ती ओल्या लुगड्यानिशी धावली नि वळणावरच हात पसरून उभी राहिली. पालखीचे मानकरी दाजी पुढं होते. मोठ्या मिशांचे, तापट.

"काय गो, परत सुतक?"

"नाय दाजीनू. बाळंतीण हाय दारात. ढोल नको, फटाके नको."

दाजींनी येऊन वर बघितलं. घरट्यातनं चोच बाहेर आली, नि तिनंही दाजींना बघितलं.

मागनं कोण तरी म्हणालं, "मागच्या दारानं न्या की."

"देवीला मागच्या दारानं? तूच जा मेल्या तिकडनं!" दाजी उखडले.

मग दाजींनी ढोल वळणावरच ठेवायला लावले. पालखीवरचा लाल गोंडा घरट्याला लागेल म्हणून आपल्या हातानं सोडून खिशात घातला. उचलणारे दाराशी उकिडवे बसले, पालखी गुडघ्यांवर घेतली नि बदकासारखे सरकत आत शिरले.

"दाजी, मांडी गेली माजी!"

"हळू कण्ह. पाखरू उठेल."

उठलं नाय ते. दाजींनी गाऱ्हाणं घातलं, तेसुद्धा पुटपुटत. "बा महाराजा, ह्या दमयंतीच्या दारी जी माहेरवाशीण बाळंतपणाला आली हाय, तिची पोरं सुखरूप उडू देत."

"व्हय म्हाराजा," सगळी वाडी कुजबुजली. एरवी गाव दणाणतो गो त्या शब्दानं! दमयंतीनं देवीची ओटी भरली. हळू बोलायला तिला जन्मात तेवढंच एकदा जमलं.

पिल्लं उडाली पुढं. तेव्हापासनं बाई तोरण महिनाभर आधीच बांधते, मुद्दाम.

दाजी आता थकले, मान त्यांच्या नातवाकडं, भावेशकडं गेला. तेव्हा हे जो वाचेल त्यानं भावेशला एवढा निरोप द्या बाबा: दमयंतीच्या दारी यंदा परत शिंजीर बसली हाय. ढोल वळणावर थांबव, नि गोंडा आधीच काढून ठेव.