भांडणारे भाडेकरू पाहिजेत

भाडेकरू भांडखोर नसावेत असं म्हणणारे घरमालक गल्लोगल्ली मिळतात. पण भाडेकरूंनी रोज, नेमाने आणि मोठ्या आवाजात भांडावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेला घरमालक सबंध बुंदेलखंडात एकच असणार, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. माझी बदली झाशीला झाली, घरून काम करणारा नवरा कंप्युटर काखोटीला मारून मागोमाग आला, आणि दलालाने आम्हाला गावाबाहेरच्या एका निवांत कॉलनीत नेलं. निवांत म्हणजे किती, तर तिथल्या गायीसुद्धा रस्ता ओलांडताना मध्येच विचार बदलून खाली बसत, आणि नळवाला "कल आते हैं" म्हणाला की कुठल्या उद्या, हे विचारणं असभ्यपणाचं समजत. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट, दोन्ही आमच्या घरमालकांचे. एकात ते एकटे राहत, दुसरा भाड्याने द्यायचा होता.

सत्तरी ओलांडलेले, रेल्वेतून निवृत्त झालेले, खांद्यावर कायम गमछा. कॉलनी त्यांना 'कक्काजू' म्हणे, आम्ही काका म्हणू लागलो. त्यांचे पूर्वज अडीच-पावणेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले. "परत जायचं म्हणूनच आले होते, पण सामान बांधायचं राहून गेलं," असं काका सांगत, तेही अशा सुरात की जणू गाडी परवाच चुकली आहे. पहिल्या भेटीत त्यांनी नोकरी कुठे, मटण खाता का, यातलं काही विचारलं नाही. चहा दिला आणि म्हणाले, "तुम्ही दोघं भांडता का?" माझ्या नवऱ्याने सभ्य माणसासारखं "छे छे" म्हटलं, तसा त्यांचा चेहरा पडला. दलालही चपापला. मी मात्र खरं बोलले. रोज भांडतो म्हणाले.

"कोणत्या भाषेत?"

"मराठीत. दुसरी कुठली येते?"

"मग ही किल्ली घ्या ताई. कागद होत राहतील."

अट एकच घातली, स्वयंपाकघराची खिडकी बंद करायची नाही. आमची आणि त्यांची, दोन्ही स्वयंपाकघरं मधल्या डक्टवर उघडत आणि खिडक्या इतक्या जवळ, की या ओट्यावरून त्या ओट्यावर मीठ देता यावं. मला वाटलं, ओल धरत असेल. मे महिन्यात लू सुरू झाली, भट्टीसारखं वारं घरात शिरू लागलं, तेव्हा मी ती खिडकी लावून टाकली. तिसऱ्या दिवशी काका बडा बाजारातून खसचा, म्हणजे आपल्या वाळ्याचा, पडदा घेऊन दारात हजर. स्वतः स्टुलावर चढून त्यांनी तो आमच्या खिडकीला लावला, वर पाणी शिंपडलं, खिडकी सताड उघडली आणि म्हणाले, "गरमी थांबते, आवाज थांबत नाही." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रोज संध्याकाळी सात वाजता, माझी फोडणी आणि आमची वादावादी एकदमच सुरू होई, त्या वेळी काका पलीकडे खुर्ची टाकून, चहाचा कप घेऊन आम्हाला ऐकत बसत.

मी संतापलेच. पण त्या माणसावर संतापून उपयोग नसे, कारण त्यांनी काही लपवलंच नव्हतं. उलट हळूहळू ते भांडणात भाग घेऊ लागले. मी नवऱ्याला वेंधळा म्हटलं की पलीकडून आवाज येई, "हा शब्द आमच्या हिला फार आवडायचा." पोह्यात साखर घालावी की नाही यावर आम्ही दोन दिवस भांडलो, तेव्हा तिसऱ्या दिवशी खिडकीतून निकाल आला, "जावईबापू, चूक तुमची आहे." निकाल नेहमी माझ्याच बाजूने लागे. नवरा म्हणे, हे न्यायालय विकलं गेलेलं आहे.

आमच्याआधीच्या भाडेकरूंची गोष्ट त्यांनीच सांगितली. दलालाने कुलकर्णी म्हणून एक जोडपं आणलं. कुलकर्णी म्हटल्यावर काकांनी काही विचारलंच नाही, लगेच किल्ली दिली. संध्याकाळी खुर्ची टाकून बसले, तर पलीकडे कडाक्याचं भांडण चाललेलं, पण कानडीत. माणसं हुबळीची निघाली. "निकालणार कसं? भली माणसं," काका म्हणाले. "दोन साल ऐकलं. शेवटी शेवटी थोडं समजायला लागलं होतं." त्या दिवसापासून ते आडनाव विचारत नाहीत, भांडण विचारतात.

हे सगळं का, ते एकदा पावसाळ्यात दिवे गेले असताना कळलं. काकांच्या घरी मुलाशी हिंदी, बाजारात बुंदेली. मुलगा परगावी, सून तिकडचीच. नातीला मराठी समजते, पण दर रविवारी फोनवर काकांनी मराठीत विचारलं की ती हिंदीत उत्तर देते. "मराठी आमच्याकडे भांडायलाच उरली होती," ते म्हणाले. "मी नि आमची ही. चाळीस साल रोज भांडलो. ती गेली, तर आता कोणाशी भांडू? घरात एक शब्द पडत नाही." एवढं बोलून त्यांनी गमछ्याने तोंड पुसलं आणि आज आमच्याकडे इतकं शांत का, अशी तक्रार केली. मग नवऱ्यानेच मेणबत्त्या कुठे ठेवल्या यावरून मला मुद्दाम छेडलं, आणि मी मनापासून भांडले.

दोन वर्षांनी बदली नाशिकला झाली. काका आमचे खोके बांधू लागले. दलाल माणसं आणत होता, काका प्रत्येकाला चहा देऊन तोच प्रश्न विचारत होते आणि माणसं घाबरून परत जात होती. अखेर आम्ही निघायच्या आदल्या दिवशी झाशीजवळच्याच गरौठ्याच्या एका कुटुंबाला त्यांनी किल्ली दिली. "बाई भांडते छान," ते मला म्हणाले, "पण बुंदेलीत." स्टेशनवर पोचवायला आले, तेव्हा त्यांनी आम्हाला आशीर्वाद दिला, तो असा की, कमी बोलू नका.

नाशिकला पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी सातला फोन वाजला. तब्येत विचारली, तर म्हणाले, "माझ्याशी नका बोलू ताई. फोन ओट्यावर ठेवा, आवाज मोठा करा, आणि आपलं काम करा." तेव्हापासून हेच चाललं आहे. फोन तेलाच्या बरणीला टेकवून ठेवायचा आणि आम्ही आमचं करायचं. मधूनच त्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. एका माणसाच्या भाताची, एकच. निकाल अजून माझ्याच बाजूने लागतात.

गेल्या आठवड्यात मात्र गंमत झाली. नवरा भाजी आणायला विसरला, मी दोन शब्द बोलले, त्याने लगेच चूक कबूल केली आणि पिशवी घेऊन निघाला. स्वयंपाकघरात शांतता झाली. ओट्यावरून अगदी हळू आवाज आला, "इतक्यात मिटलं?"

मी पदराने डोळे टिपले, दारापर्यंत गेलेल्या नवऱ्याला हाक मारली आणि जमेल तेवढा आवाज चढवून म्हटलं, "आणि काल गॅस कोणी चालू ठेवला होता?"

त्याने एकदा फोनकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली, आणि तो आत येऊन भांडायला बसला.