अण्णाच्या बोटीचं कव्हर

बोट घेऊन सहा महिने झाले नाहीत, आणि किस्से एवढे साचलेत की बोटीत भरले तर ती जागेवर बुडेल!

आम्ही तिघं भागीदार. तूर पिकवणारा शिवराज अण्णा, ट्रॅक्टर चालवणारा माळप्पा मामा आणि मी. मंठाळच्या बाजूच्या तलावावर जत्रेच्या गर्दीला फिरवायचं, हा बेत. जत्रेआधी परवाना मिळाला नाही, तर बोट वर्षभर काठावर!

* * *

हैदराबादच्या दुकानदारानं बोटीबरोबर यादी काढली. लाइफ जॅकेट, तरंगणारी रिंग, आग विझवायचा सिलिंडर, दोर, शिट्टी. "हे असल्याबिगर परवाना न्हाई!"

अण्णा हादरलाच. "बोट इकायलाव का बुडवायलाव?"

शेवटी घेतलं सगळं. निघताना अण्णानं विचारलं, "तपासणीत नापास झालो तर माल परत घेताव का?"

"घेऊ की. वरचं प्लास्टिकचं कव्हर फाटलेलं नसावं."

घात झाला तो इथंच!

* * *

पहिल्याच दिवशी काठावर इंजिनानं पेट घेतला. मी सिलिंडरकडं धावलो, तर अण्णा आडवा!

"सील तोडू नको! परत घेत न्हाईत!"

तेवढ्यात मामानं पेटलेल्या पेट्रोलवर बादलीभर पाणी ओतलं. वीतभर जाळ माझ्याएवढा झाला! शेवटी वाळू टाकून विझवला. माझी डावी मिशी अजून उजवीला गाठायलीय.

* * *

एकदा आठही जॅकेटं गायब. शोधत अण्णाच्या शेतात गेलो, तर तुरीत आठ माणसं उभी! काठ्यांवर जॅकेटं, कव्हरासकट.

"कव्हर वाऱ्यानं वाजतंय, डुकरं पळायलेत," अण्णा खुशीत.

"आणि बोटीत माणूस बुडाला तर?"

"तो कवा तरी बुडंल. डुकरं रोज येतेत!"

* * *

शिट्टीचं कव्हर मात्र मामानं फाडलं. धोका दिसला की वाजवायची, असं त्याला सांगितलं होतं. बोट काठावरून सुटली आणि पठ्ठ्या परत येईपर्यंत वाजवतच राहिला!

"मामा, कामून? धोका कुठाय?"

"मी पाण्यावर हाय, ह्यो धोका न्हाई का? मला पोहाया येत न्हाई!"

बोट चालवायला होता कोण? हाच!

* * *

मग गुलबर्ग्याहून तपासणीचे साहेब आले. सगळं सामान बघितलं आणि म्हणाले, "कव्हरं काढा. रिंग माणसाला तरंगवते, हे मला दाखवा. मगच सही."

"आधी सही करा, सायेब, मग काढतो," अण्णा म्हणाला. " नापास केलंव तर दुकानदार परत घ्यायचा न्हाई!"

साहेब तापले. जॅकेट त्यांनीही घातलं नाही, कारण अण्णानं काढूच दिलं नाही. "बोट तरी चालवून दाखवा!" म्हणाले.

निघालो. तलावाच्या मधोमध साहेब उभे राहून फोटो काढायलेत, आणि मामानं बोट वळवली. कशी? नांगराचं तास संपल्यावर ट्रॅक्टर वळवावा, तशी! साहेब थेट पाण्यात!

मामाची शिट्टी सुरू. अण्णानं मात्र क्षणात दोर बांधलेली रिंग फेकली. साहेबांनी मिठीच मारली तिला. धापा टाकत, पण तरंगायलेत!

"वढ! आधी मला वर वढ!"

अण्णानं दोर घट्ट धरला. दुसऱ्या हातानं परवान्याचा कागद वल्ह्याच्या टोकाला खोचला आणि हळूच साहेबांच्या नाकापुढं नेला.

"रिंग तरंगती का न्हाई, सायेब? मग करा सही, पेन खिशातच हाय तुमच्या. आणि ती नखं जरा जपून... कव्हर फाटायलंय!"